घोरमाडे बाईंचा पंप

तुझा फोन अजून वाजतो, हितेंद्र.
मे उलटत आला, नागपूर पंचेचाळिशीत उकळतंय
आणि लोकांना पाणी चढवून देणारा माणूस हवा आहे.
‘भाऊ, कूलर घुरघुर करून राहिला.’
‘मोटर लय गरम होऊन राहिली जी.’
मी म्हणते, तो नाही.
‘मग किती वाजता येतील?’

पहिले काही दिवस सगळ्यांना सगळं सांगितलं.
आता म्हणते, दुसरा माणूस पाहा.

त्या संध्याकाळी तू वर्धमाननगरातून आलास
तेव्हा अंग चटचट भाजत होतं.
ऊन लागलं, आम्ही म्हटलं.
मेमध्ये या गावात दुसरं काय लागणार?
कैरीचं पन्हं पाजलं, तळपायांना कांदा चोळला,
पोट टम्म होतं, त्याला ओवा दिला.
पहाटे आईने हाक मारली.
मग मोठ्याने मारली.
मेयोत डॉक्टरने आधी घड्याळ पाहिलं, मग तुला,
आणि लिहायला घेतलं.

नंतर एका शिकाऊ पोराने कागद वाचून समजावला.
मोठं आतडं. आतून जखमाच जखमा,
जुन्या, कित्येक वर्षांच्या.
फुगत गेलं, पातळ झालं, फाटलं.
‘आधी कुणी तपासलं नव्हतं?’

तपासलं होतं ना.
मामाने सांगितलं, मूळव्याध.
गोळीबार चौकातल्या मेडिकलवाल्याने वीस रुपयांत गॅस सांगितला.
आईने मीठमिरच्या ओवाळल्या.
मी म्हटलं, तर्री कमी खा.

आमच्यात पोटाला आजार मानतच नाहीत.
लग्नात रस्सा ओरपून नाकाडोळ्यांतून पाणी काढणारी माणसं आम्ही,
दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचीच एक गोष्ट असते
आणि ती हसूनच सांगायची असते.
संडासाच्या दारावर थाप मारून मी विचारलं होतं,
‘काहून बे, आत कारखाना टाकला का?’
तू आतून म्हणालास,
‘हाव. दोन पाळ्यांत चालू हाय.’
मला फार आवडलं ते.
शाळेत जाऊन मी सगळ्या बायांना सांगितलं.

पिशवीतून तुझा बेल्ट परत मिळाला.
कंपनीची पाच भोकं,
त्यापुढे खिळा तापवून तू पाडलेली चार.
शेवटच्याची कड अजून काळी होती, बोटाला लागली.

आणि खाटेखाली एक पंप, दोरीला चिठ्ठी,
तुझं अक्षर: घोरमाडे बाई, मानेवाडा, दुसरा माळा.
बसने नेला, मांडीवर ठेवून.

बाईंनी पंपाकडे पाहिलं नाही, आधी मला पाणी दिलं.
म्हणाल्या, चार उन्हाळे येत होते जी भाऊ.
आले की पहिले इचारत, बाई, बाथरूम वापरू का?
मंग कूलर.
आमच्या यायले असंच होतं, रक्त पडे,
म्हून मले समजलं.
म्या म्हटलं, दाखवून घ्या बाप्पा डॉक्टरले.
म्हणत, सीझन संपू द्या.

चार उन्हाळे.
तुझ्या पोटातलं रक्त
मानेवाड्यातल्या एका परक्या बाईला ठाऊक होतं.

पंप मीच बसवला.
तुझ्यामागे टॉर्च धरून उभी राहायचे, तेवढं येत होतं.
नळी दाबली, बटण लावलं.
पाणी लगेच चढलं नाही.
थांब, म्हणायचास तू, हवा निघू दे.
थांबले.
जाळीतलं गवत वरून हळूहळू काळपट ओलं होत आलं.

मग मी विचारलं, बाई, बाथरूम वापरू का?
आत खुंटीवर निळा टॉवेल होता.
‘त्यायचाच हाय,’ बाई बाहेरून म्हणाल्या.

मी कडी लावली.
नळ सोडला, उभी राहिले, किती वेळ ते माहीत नाही.
दार कुणी वाजवलं नाही.